शोधनियतकालिकातील वाङ्मयचौर्य: साम्य अहवाल वाचण्यापासून निबंध मागे घेण्यापर्यंतची कार्यपद्धती

आलेल्या शोधनिबंधावर अन्य लेखनाशी साम्य शोधणारे सॉफ्टवेअर चालवायचे, साम्य अहवालातील टक्केवारी पाहायची आणि ती ठरावीक आकड्याच्या वर गेली की निबंध परत पाठवायचा, एवढ्यालाच अनेक संपादकीय कार्यालयांत वाङ्मयचौर्याची तपासणी समजले जाते. या पद्धतीने दोन्हीकडे अन्याय होतो. ज्याने स्वतःच्याच प्रीप्रिंटमधला (परीक्षणाआधी जाहीर केलेल्या मसुद्यातला) मजकूर प्रामाणिकपणे पुढे नेला त्याचा निबंध परत जातो आणि ज्याने दुसऱ्याचे विवेचन शब्द बदलून उचलले त्याचा निबंध छापून येतो. पुढे कधी तक्रार आली की घाईघाईने लेखकाच्या संस्थेला पत्र जाते, निबंध संकेतस्थळावरून गुपचूप काढला जातो आणि लेखकाच्या चुकीवर संपादकाची आणखी एक चूक चढते.

पुढील टप्पे संपादक, सहसंपादक आणि संपादकीय साहाय्यक यांच्यासाठी लिहिले आहेत. दुसरा टप्पा लेखकांनीही वाचावा. टप्प्यांचा क्रम पाळावा, कारण बहुतेक गफलती नियम ठाऊक नसल्यामुळे होत नाहीत, क्रम चुकल्यामुळे होतात.

## टप्पा १: धोरण आधी लिहा आणि जाहीर करा

प्रकरण हाती आल्यावर धोरण ठरवायला बसलेल्या संपादकावर पक्षपाताचा आरोप हमखास होतो. म्हणून एकही निबंध तपासण्यापूर्वी नियतकालिकाच्या संकेतस्थळावर पुढील बाबी स्पष्ट शब्दांत असाव्यात: वाङ्मयचौर्य कशाला म्हणायचे, कोणत्या सॉफ्टवेअरने आणि कोणत्या वेळी तपासणी होते, संशय आल्यास काय केले जाते, लेखकाला उत्तर देण्यास किती दिवस मिळतात आणि अंतिम निर्णय कोण घेतो.

व्याख्या फक्त ‘दुसऱ्याचा मजकूर श्रेय न देता वापरणे’ एवढ्यावर थांबवू नये. इतरांच्या कल्पना, विदा (डेटा), आकृत्या, छायाचित्रे, संगणकीय आज्ञावली आणि दुसऱ्या भाषेतून केलेले अनामिक भाषांतर यांचा त्यात स्पष्ट उल्लेख हवा. स्वतःच्या पूर्वीच्या लेखनाचा पुनर्वापर आणि एकच संशोधन दोन ठिकाणी प्रकाशित करणे यांसाठी वेगळी कलमे लिहावीत, कारण ही प्रकरणे दुसऱ्याचे लेखन उचलण्यापेक्षा निराळी असतात आणि त्यांचा निकालही निराळा लागतो.

संपादक व प्रकाशकांच्या आंतरराष्ट्रीय प्रकाशन नीतिमत्ता समितीने, म्हणजे ‘कोप’ने (COPE), अप्रकाशित आणि प्रकाशित निबंधांतील संशयित वाङ्मयचौर्यासाठी स्वतंत्र प्रवाहतक्ते (कोणत्या परिस्थितीत पुढे काय करायचे ते दाखवणाऱ्या आकृत्या) उपलब्ध केले आहेत. त्यांचे अनुसरण करणार असाल तर धोरणात तसे लिहावे आणि मग खरोखरच करावे. त्यांचा उल्लेख करून प्रत्यक्षात वेगळे वागणारे नियतकालिक वादाच्या वेळी स्वतःच्याच शब्दांत अडकते.

इशारा: धोरणात ‘१५ टक्क्यांपेक्षा अधिक साम्य आढळल्यास निबंध नाकारला जाईल’ अशा प्रकारचे वाक्य घालू नये. त्यामुळे लेखक मजकूर सुधारण्याऐवजी आकडा खाली आणण्याच्या मागे लागतो आणि संपादकही अहवाल उघडून वाचणे सोडून देतो.

संपादक स्वतः लेखक असेल किंवा लेखक त्याचा सहकारी असेल, तर प्रकरण कोणाकडे जाईल हेही याच वेळी ठरवून ठेवावे.

## टप्पा २: निबंध स्वीकारतानाच लेखकाकडून लेखी माहिती घ्या

निबंध सादर करण्याच्या अर्जात पुढील प्रश्न वेगवेगळे विचारावेत. या निबंधाचा कोणताही भाग पूर्वी प्रबंध, परिषदेतील लेख, प्रीप्रिंट किंवा अहवाल म्हणून प्रसिद्ध झाला आहे का? तो सध्या अन्य नियतकालिकाकडे विचारार्थ आहे का? कोणत्या आकृत्या वा तक्ते इतरत्र आधी छापलेले आहेत आणि त्यांची परवानगी घेतली आहे का? कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मजकुरासाठी वापरली का, आणि वापरली असल्यास कोठे? सर्व सहलेखकांनी अंतिम मसुदा वाचून मान्य केला आहे का?

‘हा निबंध मौलिक आहे’ या एका वाक्याखाली सही घेणे पुरेसे नाही. लेखक त्या वाक्याचा आपापला अर्थ लावतो आणि नंतर प्रामाणिकपणे सांगतो की प्रबंधातील प्रकरण म्हणजे ‘प्रकाशन’ असे त्याला वाटले नव्हते. सुटे प्रश्न विचारले की माहिती दडवणे आणि गैरसमज होणे यांतला फरक पुढे ओळखता येतो. सर्व सहलेखकांचे ईमेल पत्तेही याच वेळी घ्यावेत. सातव्या टप्प्यात त्यांची गरज पडेल.

लेखकांना सूचना देताना उदाहरण दाखवावे. नुसत्या उपदेशाने शब्दांतर आणि चोरी यांतील सीमारेषा कळत नाही. पुढील वाक्ये केवळ स्पष्टीकरणासाठी रचलेली आहेत.

मूळ वाक्य: ‘कोरड्या हंगामात मातीतील ओलावा झपाट्याने घटतो, मात्र ज्या शेतांत पिकांचे अवशेष जमिनीवर तसेच ठेवले जातात, तेथे ही घट बरीच मंदावते.’

चुकीचे शब्दांतर: ‘शुष्क ऋतूत जमिनीतली आर्द्रता वेगाने कमी होते; परंतु ज्या शेतजमिनींवर पिकांचे उरलेले भाग पडू दिले जातात, तिथे तिचा वेग पुष्कळ कमी होतो.’

योग्य लेखन: ‘पिकांचे अवशेष जमिनीवर ठेवल्याने कोरड्या हंगामात ओलावा अधिक काळ टिकतो, असे एका अभ्यासाने [४] दाखवले आहे. ती निरीक्षणे एकाच प्रकारच्या मातीतील असल्याने प्रस्तुत अभ्यासात तीन प्रकारच्या माती निवडल्या.’

दुसऱ्या वाक्यात जवळजवळ प्रत्येक शब्द बदललेला आहे, त्यामुळे सॉफ्टवेअरला साम्य दिसण्याची शक्यता कमी. तरीही विचारांचा क्रम, वाक्याचा सांगाडा, विरामचिन्हांची जागासुद्धा मूळचीच आहे आणि श्रेय कोठेही नाही. शेवटी संदर्भक्रमांक जोडला असता तरी सांगाडा उसनाच राहिला असता. तिसऱ्या लेखनात लेखकाने मूळ निरीक्षणाचे श्रेय दिले आहे, त्याची मर्यादा सांगितली आहे आणि आपल्या अभ्यासाशी त्याचा संबंध जोडला आहे. मूळ लेख बाजूला ठेवून, समजलेले आपल्या शब्दांत लिहून काढावे आणि नंतरच मूळ लेखाशी ताडून पाहावे, एवढी एक सवय लेखकांनी लावून घेतली तरी अनवधानाने होणारे बरेचसे वाङ्मयचौर्य टळेल.

लेखकांच्या आणखी दोन समजुती येथेच दुरुस्त कराव्यात. स्वामित्वहक्क संपलेला किंवा मुक्त परवान्याखालील मजकूर श्रेय न देता वापरणे हेही वाङ्मयचौर्यच आहे. उलट, आकृतीखाली संदर्भ दिला म्हणजे ती छापण्याची परवानगी मिळाली असे होत नाही. श्रेय देणे आणि परवानगी घेणे या दोन स्वतंत्र जबाबदाऱ्या आहेत.

इशारा: मसुदा स्वतः तपासून पाहताना तो सॉफ्टवेअरच्या कायमस्वरूपी भांडारात साठवला जात नाही ना, हे लेखकाने पाहावे. विद्यार्थ्यांचे लेखन तपासणाऱ्या प्रणालींत साठवणीचा पर्याय अनेकदा आधीपासूनच चालू असतो. मसुदा तेथे राहिला, की त्याच भांडाराशी तुलना करणाऱ्या पुढच्या तपासणीत निबंध स्वतःशीच जुळतो आणि टक्केवारी नव्वदीच्या पुढे जाते.

## टप्पा ३: तपासणी परीक्षकांकडे पाठवण्यापूर्वी करा

निबंध स्वीकारल्यानंतर, छपाईच्या आधल्या आठवड्यात तपासणी करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. तोपर्यंत परीक्षकांचे श्रम खर्ची पडलेले असतात, लेखकाला स्वीकृतीपत्र गेलेले असते आणि कठोर निर्णय घेण्याचे धैर्य कोणाजवळ उरत नाही. पहिली तपासणी निबंध आल्याबरोबर व्हावी. सुधारित मसुद्यात नवे परिच्छेद आले असतील तर स्वीकृतीच्या आधी दुसरी तपासणी करावी. चर्चेचा विभाग वाढवताना उसना मजकूर शिरणे अगदी नेहमीचे आहे.

शोधनिबंधांचे डीओआय, म्हणजे कायमस्वरूपी ओळखक्रमांक, नोंदवणाऱ्या ‘क्रॉसरेफ’ या संस्थेच्या सदस्य प्रकाशकांना ‘सिमिलॅरिटी चेक’ ही सेवा घेता येते. ती ‘आयथेंटिकेट’ या प्रणालीवर चालते आणि सदस्य प्रकाशकांच्या पूर्ण लेखांशी तुलना करते. फुकटच्या संकेतस्थळांवर अप्रकाशित निबंध चढवू नये. तेथे मजकुराचे पुढे काय होते याची हमी नसते, आणि निबंध गोपनीय ठेवण्याची जबाबदारी संपादकाची आहे.

सॉफ्टवेअर उपलब्ध नसेल तर हाताने शोध घ्यावा. प्रस्तावनेचा दुसरा परिच्छेद, कार्यपद्धती आणि चर्चा यांतून आठ ते दहा शब्दांचे वैशिष्ट्यपूर्ण तुकडे निवडून ते अवतरणचिन्हांत ‘गूगल स्कॉलर’वर शोधावेत. पहिली ओळ निवडू नये. ती बदलण्याची काळजी उचलेगिरी करणाराही घेतो.

फाइल चढवण्यापूर्वी ती शब्दप्रक्रियेच्या मूळ स्वरूपात आहे का, मजकूर निवडता आणि शोधता येतो का, हे पाहावे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर सॉफ्टवेअरला निरर्थक अक्षरांच्या माळेसारखा दिसतो आणि साम्य शून्य येते. परिच्छेद चित्र म्हणून चिकटवणे, शब्दांमधल्या मोकळ्या जागी पांढऱ्या रंगाची अक्षरे भरणे, किंवा रोमन अक्षरांच्या जागी तशीच दिसणारी सिरिलिक (रशियन लिपीतील) अक्षरे घालणे या युक्त्याही केल्या जातात.

तपासा: अहवालातील एकूण शब्दसंख्या आणि मूळ फाइलची शब्दसंख्या जवळपास सारखी आहे का? मोठी तफावत असेल तर अहवालावर विसंबू नये. वीस-पंचवीस संदर्भ असलेल्या निबंधाचे साम्य शून्य किंवा एक टक्का येणे हेही शंकास्पदच आहे, कारण संदर्भसूची, संस्थांची नावे आणि रूढ शब्दसमूह कोठेतरी जुळतातच.

## टप्पा ४: साम्य अहवाल संपूर्ण वाचा

अहवालातील टक्केवारी किती शब्द अन्यत्र सापडले एवढेच सांगते. ते शब्द अवतरणात होते का, श्रेय दिले होते का, ते लेखकाचेच होते का, यांपैकी काहीही ती सांगत नाही.

दोन निबंध कल्पून पाहा. पहिला आठ हजार शब्दांचा समीक्षात्मक निबंध आहे आणि त्याचे साम्य ३० टक्के आहे. परंतु ते शंभराहून अधिक स्रोतांत विखुरलेले असून त्यात संज्ञा, उपकरणांची नावे आणि संदर्भ आहेत. दुसरा पाच हजार शब्दांचा निबंध असून त्याचे साम्य फक्त सहा टक्के आहे. परंतु ते सहा टक्के म्हणजे एकाच स्रोतातून आलेले तीनशे सलग शब्द आहेत आणि ते निष्कर्षांच्या विभागात आहेत. आकड्यावर विसंबणारा संपादक पहिला परत पाठवील आणि दुसरा स्वीकारील. वाचणारा संपादक नेमके उलटे करील.

वाचनाचा क्रम असा ठेवावा.

अ) प्रथम कोणतीही गाळणी न लावता अहवाल पाहावा. नंतर संदर्भसूची वगळावी. सूचीचे शीर्षक सॉफ्टवेअरने ओळखले का आणि सूचीनंतरचे परिशिष्टही तिच्यासोबत वगळले गेले नाही ना, याची खात्री करावी.

आ) अवतरणे वगळण्याचा पर्याय जपून वापरावा. तीन-तीन परिच्छेद अवतरणचिन्हांत टाकून निबंध उभा केला असेल तर हा पर्याय ती गोष्ट झाकून टाकतो.

इ) लहान जुळण्या वगळण्याची मर्यादा फार वर नेऊ नये. ती वीस-पंचवीस शब्दांवर ठेवली की चार शब्द इथले, सहा शब्द तिथले असे ठिगळ लावलेले लेखन पूर्णपणे निसटते.

ई) आता स्रोतानुसार पाहावे. सर्वांत मोठा स्रोत लेखकाचे स्वतःचे प्रीप्रिंट किंवा प्रबंध असेल आणि त्याने ते सादरीकरणाच्या वेळी सांगितले असेल, तर तो स्रोत वगळून अहवाल पुन्हा काढावा. प्रीप्रिंट वगळल्यावरच त्याच्याआड दडलेले इतर स्रोत वर येतात. हे न केल्यामुळे कितीतरी प्रकरणे हातची सुटतात.

उ) मग विभागानुसार पाहावे. कार्यपद्धतीतील ठरावीक वाक्ये, प्रमाणित चाचण्यांची वर्णने आणि नैतिक मान्यतेचे निवेदन जुळणे स्वाभाविक आहे. निष्कर्ष, चर्चा आणि समारोप यांतील जुळणीला गांभीर्याने घ्यावे, मग ती दोन वाक्यांची का असेना.

ऊ) शेवटी प्रत्येक मोठ्या जुळणीसाठी मूळ लेख उघडून दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचावेत. सॉफ्टवेअरने दाखवलेला स्रोत मूळ असेलच असे नाही. दोघांनी तिसऱ्याच लेखातून घेतलेले असू शकते.

येथेच आणखी एक प्रश्न विचारायचा असतो आणि तो हमखास राहून जातो: कोणी कोणाकडून घेतले? प्रकाशनाची तारीख पुरेशी नसते. सादरीकरणाची, प्रीप्रिंटची आणि प्रबंध दाखल झाल्याची तारीख ताडून पाहावी. निबंध वर्षभर परीक्षणात अडकतो आणि दरम्यान त्यातलाच मजकूर दुसरीकडे छापून येतो, असेही घडते. गोपनीय परीक्षणासाठी आलेला निबंध परीक्षकानेच स्वतःच्या नावे प्रसिद्ध केल्याचे एक प्रकरण २०१६ साली ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ने उघड केले. अशा वेळी आपल्याकडे असलेल्या सादरीकरणाच्या नोंदी हा प्रामाणिक लेखकाचा मोठा आधार असतो; त्या पुसू नयेत.

## टप्पा ५: सॉफ्टवेअरला न दिसणाऱ्या गोष्टी माणसाने शोधा

भाषांतरित उचलेगिरी, उसनी कल्पना आणि उसनी विदा यांसाठी त्या विषयाचा जाणकार वाचक हवा. परीक्षकांच्या अर्जात ‘या निबंधासारखे लेखन आपण अन्यत्र वाचले आहे का?’ असा थेट प्रश्न ठेवावा. प्रश्न न विचारल्यास परीक्षकांना शंका येऊनही ते लिहीत नाहीत. परीक्षकांनी निबंध स्वतःहून कोणत्याही संकेतस्थळावर किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनात चढवू नये, हेही त्याच अर्जात सांगावे.

मजकूर आपोआप बदलणारी साधने वापरल्याची एक ठळक खूण म्हणजे विषयातील रूढ संज्ञांची विचित्र रूपे. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ऐवजी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ आणि ‘ब्रेस्ट कॅन्सर’ऐवजी ‘बुझम पेरिल’ असे शब्दप्रयोग इंग्रजीतील प्रकाशित निबंधांत प्रत्यक्ष आढळले असून २०२१ पासून संशोधक त्यांचा पद्धतशीर शोध घेत आहेत. अशी एक जरी संज्ञा दिसली तरी तो परिच्छेद कशाचे रूपांतर असावा याचा माग काढावा.

आकृत्यांसाठी उलट प्रतिमाशोध करावा, म्हणजे आकृती शोधयंत्रात देऊन ती अन्यत्र कोठे आहे ते पाहावे. एका परिच्छेदात सफाईदार भाषा आणि पुढच्याच परिच्छेदात अडखळती भाषा, निबंधात वापरलेल्या पण सूचीत नसलेल्या संदर्भांचे क्रमांक, मध्येच बदललेले फाँट आणि ‘मागील प्रकरणात पाहिल्याप्रमाणे’ असा निबंधाशी न जुळणारा उल्लेख या खुणांकडे लक्ष द्यावे.

इशारा: ‘हा मजकूर यंत्राने लिहिला आहे’ असे सांगणाऱ्या शोधकांच्या निकालावर आरोप उभा करू नये. ते चुकतात, आणि त्यांच्याकडे दाखवता येईल असा मूळ मजकूर नसतो. लेखकाने साधनांचा वापर जाहीर केला का आणि संदर्भ खरे आहेत का, हे तपासणे संपादकाच्या हातात आहे.

## टप्पा ६: गांभीर्य ठरवा आणि तुलनातक्ता बनवा

लेखकाला पत्र लिहिण्यापूर्वी दोन रकान्यांचा तक्ता तयार करावा. डावीकडे सादर झालेल्या निबंधातील परिच्छेद, पृष्ठ आणि ओळ क्रमांकासह. उजवीकडे मूळ लेखातील परिच्छेद, त्याच्या पूर्ण तपशिलासह. आणि खाली एका वाक्यात शेरा: ‘श्रेय नाही’, ‘श्रेय आहे, अवतरण नाही’ किंवा ‘आकृती तीच, मथळा बदललेला’. सॉफ्टवेअरचा रंगीत अहवाल हा या तक्त्याला पर्याय नाही. तक्ता करायला दोन-तीन तास लागतात, पण पुढचे प्रत्येक पत्र आणि प्रत्येक निर्णय त्याच्यावर उभा राहतो. तक्ता करता करता आरोप विरून गेल्याचेही पुष्कळदा दिसते.

त्यानंतर प्रकरणाची वर्गवारी करावी. तुरळक वाक्ये, विशेषतः प्रस्तावनेत किंवा कार्यपद्धतीत, संदर्भ दिलेला पण अवतरणचिन्हे नाहीत, लेखक परक्या भाषेत लिहिणारा: हे किरकोळ प्रकरण. मोठे परिच्छेद, विदा किंवा मूळ कल्पना स्वतःची म्हणून मांडलेली: हे उघड वाङ्मयचौर्य. लेखकाचा स्वतःचा जुना मजकूर असेल तर कार्यपद्धतीतील पुनर्वापर, तो कोठून घेतला हे सांगितले असल्यास, सामान्यतः चालतो. निष्कर्ष आणि चर्चा पुन्हा वापरलेल्या असतील तर तो पुनर्प्रकाशनाचा प्रश्न होतो.

तपासा: तक्ता आणि वर्गवारी, लेखकाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या संपादकाने स्वतंत्रपणे वाचली आहे का?

## टप्पा ७: लेखकाला तटस्थ पत्र लिहा

येथपर्यंत त्या दुसऱ्या संपादकाखेरीज कोणाशीही, अगदी ओळखीच्या प्राध्यापकाशीसुद्धा, प्रकरणाची चर्चा करू नये. पहिले पत्र पत्रव्यवहारासाठी नेमलेल्या लेखकाला जाते. त्यात ‘चोरी’, ‘फसवणूक’, ‘दोषी’ हे शब्द येऊ नयेत. पत्र साधारण असे असावे:

‘महोदय/महोदया, आपण सादर केलेल्या निबंधातील काही भाग आणि सोबत नमूद केलेला पूर्वप्रकाशित लेख यांत साम्य आढळले आहे. संबंधित परिच्छेदांचा तुलनातक्ता सोबत जोडला आहे. हे साम्य कसे आले याविषयी आपले स्पष्टीकरण दि. … पर्यंत लेखी कळवावे. आपले उत्तर विचारात घेतल्यानंतरच पुढील निर्णय घेतला जाईल. तोपर्यंत निबंधाचे परीक्षण स्थगित ठेवले आहे.’

दोन ते तीन आठवड्यांची मुदत रास्त ठरते. लेखकाने सादरीकरणाच्या वेळी भरलेला अर्ज सोबत जोडावा. उत्तर आले नाही तर एकदा स्मरणपत्र द्यावे आणि मग सर्व सहलेखकांना लिहावे. आपले नाव निबंधावर आहे हेच एखाद्या सहलेखकाला ठाऊक नसल्याचे या पत्रातून उघड होऊ शकते; तसे झाल्यास लेखकत्वाचा नवा प्रश्न उभा राहतो आणि त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते.

कोणाकडूनच उत्तर येत नसेल, किंवा आलेले उत्तर पुराव्याशी विसंगत असेल, तर लेखकाच्या संस्थेतील संशोधन नीतिमत्ता पाहणाऱ्या अधिकाऱ्याला पुराव्यासह लिहावे. उत्तर न मिळाल्यास दर तीन ते सहा महिन्यांनी पाठपुरावा करावा, असे ‘कोप’चा प्रवाहतक्ता सांगतो. संस्थेला पत्र ही पहिली पायरी करू नये. एखाद्या तरुण संशोधकाची नोकरी आणि पदवी त्या पत्रावर अवलंबून असू शकते, आणि स्पष्टीकरण ऐकण्यापूर्वी केलेले नुकसान नंतरच्या दिलगिरीने भरून येत नाही.

‘हे काम कनिष्ठ सहकाऱ्याने केले’ हे उत्तर वारंवार येते. ते नोंदवून घ्यावे, पण त्यावर कोण खरे आणि कोण खोटे हे नियतकालिकाने ठरवू नये. तो तपास संस्थेचा आहे. नियतकालिकाने फक्त निबंधाविषयी निर्णय घ्यायचा असतो.

## टप्पा ८: अप्रकाशित निबंधावर निर्णय

किरकोळ प्रकरणात लेखकाला मजकूर पुन्हा लिहिण्यास, अवतरणचिन्हे आणि संदर्भ घालण्यास सांगावे आणि परीक्षण पुढे चालू ठेवावे. सुधारणा केवळ समानार्थी शब्द बदलून केलेली नाही ना, हे दुसऱ्या टप्प्यातील उदाहरण डोळ्यांसमोर ठेवून पाहावे.

उघड वाङ्मयचौर्य असेल आणि स्पष्टीकरण समाधानकारक नसेल, तर निबंध नाकारावा आणि नाकारण्याचे खरे कारण लिहावे. वाद टाळण्यासाठी ‘विषय आमच्या कक्षेत बसत नाही’ असे लिहिणारे संपादक आहेत. असा निबंध दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या नियतकालिकाकडे जातो आणि तेथे सगळे पहिल्यापासून सुरू होते.

शंका कळवणाऱ्या परीक्षकाला निष्पत्ती थोडक्यात सांगावी. तेवढे सौजन्य दाखवले नाही तर पुढच्या वेळी तो गप्प बसतो.

## टप्पा ९: प्रकाशित निबंधाविषयी तक्रार आल्यास

तक्रार निनावी आहे म्हणून ती बाजूला टाकू नये; तीत पडताळता येईल असा पुरावा आहे का, एवढेच पाहावे. तक्रारदाराचे नाव लेखकाला सांगू नये. पोच द्यावी, पण निर्णयाची तारीख कबूल करू नये. त्यानंतर चौथ्या ते सातव्या टप्प्यांतील काम त्याच क्रमाने करावे आणि मूळ लेख ज्या नियतकालिकात आला त्याच्या संपादकाशी गोपनीयतेने संपर्क साधावा.

चौकशी लांबणार असेल आणि वाचकांची दिशाभूल होण्याची शक्यता असेल, तर निबंधाला जोडून सावधगिरीची सूचना प्रसिद्ध करता येते. उसना मजकूर तुरळक असेल आणि निबंधाचे स्वतःचे संशोधन शाबूत असेल तर श्रेय देणारे शुद्धिपत्र पुरते. निबंधाचा मोठा किंवा महत्त्वाचा भाग उसना असेल तर तो मागे घ्यावा लागतो.

एकच संशोधन दोन नियतकालिकांत आले असेल तर नंतर छापणाऱ्याने आपला निबंध मागे घ्यायचा असतो. आधी छापणाऱ्याने पुनर्प्रकाशनाची सूचना द्यावी; त्यातील निष्कर्ष विश्वसनीय असतील तर त्याने मागे घेण्याचे कारण नाही. दोन्ही जवळपास एकाच वेळी आले असतील तर प्रकाशनाचा परवाना किंवा स्वामित्वहक्काचा करार कोणत्या तारखेस झाला, यावरून अग्रक्रम ठरवता येतो.

## टप्पा १०: निबंध मागे घेण्याची सूचना लिहा आणि सर्वत्र पोहोचवा

सूचनेत निबंधाचे शीर्षक आणि लेखक, तो कोण मागे घेत आहे, नेमके कारण आणि कोणत्या लेखातून मजकूर आला, हे सर्व असावे. ‘काही त्रुटींमुळे’ असे मोघम कारण लिहू नये. मूळ लेखकाला त्याचे श्रेय परत मिळण्याची ही एकमेव जागा असते. भाषा वस्तुनिष्ठ ठेवावी आणि लेखकांच्या हेतूविषयी अनुमान करू नये. लेखक सूचनेशी सहमत नसतील तर तेही लिहावे. त्यांची संमती मिळेपर्यंत थांबण्याची गरज नाही.

मग तांत्रिक कामे याच क्रमाने करावीत.

१. सूचनेला स्वतंत्र डीओआय द्यावा आणि ती कोणालाही शुल्काशिवाय वाचता येईल अशी ठेवावी.

२. निबंधाच्या पानावर शीर्षकाआधी ‘मागे घेतलेला’ असे लिहावे आणि पीडीएफच्या प्रत्येक पानावर ठळक जलचिन्ह टाकावे.

३. निबंध आणि सूचना एकमेकांना दुव्याने जोडावेत आणि ‘क्रॉसरेफ’कडील नोंद अद्ययावत करावी. हे राहिले तर संदर्भ-व्यवस्थापन करणाऱ्या साधनांना बदल कळत नाही आणि निबंध पूर्वीसारखाच उद्धृत होत राहतो.

४. शोधनिबंधांच्या ज्या सूचींमध्ये नियतकालिक समाविष्ट आहे त्यांना कळवावे आणि काही आठवड्यांनी प्रत्येक ठिकाणी नोंद बदलली का, हे स्वतः उघडून पाहावे.

५. सर्व लेखक, मूळ लेखाचा लेखक, तेथील संपादक, लेखकांची संस्था आणि तक्रारदार यांना सूचनेचा दुवा पाठवावा.

इशारा: निबंध संकेतस्थळावरून पुसून टाकू नये. तो इतरांनी उद्धृत केलेला असतो, आणि पान नाहीसे झाले की वाचकाला काय घडले हे कळण्याचा मार्गच बंद होतो. न्यायालयाचा आदेश, एखाद्याच्या खासगीपणाचा भंग किंवा आरोग्याला थेट धोका अशा मोजक्या कारणांसाठीच मजकूर हटवावा, आणि तेव्हाही शीर्षक, लेखक व सूचना तेथे राहू द्यावी.

लेखकांवर ठरावीक काळासाठी निबंध पाठवण्याची बंदी घालायची असेल तर तशी तरतूद पहिल्या टप्प्यातील धोरणात आधीपासून असायला हवी आणि कायदेशीर सल्ला घेतलेला असावा. बंदी घातलेल्यांची नावे अन्य संपादकांना अनौपचारिकपणे कळवू नयेत.

प्रकरणाची फाइल बंद करताना तिच्यात मूळ सादरीकरण, भरलेला अर्ज, दोन्ही साम्य अहवाल, तुलनातक्ता, सर्व पत्रे तारखांसह आणि निर्णयाची कारणे असावीत. संपादक बदलला तरी ही फाइल नियतकालिकाकडेच राहावी, एखाद्याच्या वैयक्तिक ईमेल खात्यात नव्हे. त्याच लेखकांचे आपल्याकडे आधी प्रसिद्ध झालेले निबंधही याच वेळी पुन्हा तपासून घ्यावेत आणि त्यांत काही आढळल्यास प्रत्येकासाठी चौथ्या टप्प्यापासून स्वतंत्र काम सुरू करावे.